मागच्या दाराचा पेटारा

मुकादमबाईंनी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. मळ्यातल्या जुन्या घराची डागडुजी करून संग्रहालय करायचं ठरलं होतं, आणि जुन्या वस्तूंची नावं सांगायला समितीनं त्यांना बोलावलं होतं. मालकाची मुलं मळा विकून केव्हाच निघून गेलेली. जुन्या मजुरांपैकी धड आठवण असलेल्या बाई एकट्याच उरलेल्या. वय बहात्तर, गुडघे कुरकुरणारे, पण जीभ अजून खणखणीत.

बघतात तर वासराच्या तोंडाला बांधायचं मुसकं भिंतीवर टांगलेलं आणि खाली चिठ्ठी, ‘शेतकऱ्याची टोपी’.

“टोपी?” बाई कडाडल्या. “अध्यक्षसाहेब, हे तोंडाला बांधतात. पुढच्या सभेला तुम्हीच बांधून या, सभा लवकर उरकेल.”

अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. ते हसले, पण चिठ्ठी बदलायला त्यांना पंधरा दिवस लागले. शिकल्यासवरल्या माणसाची खोडच ती. माहिती विचारायला तो घरी येतो, आणि सांगितली की वहीत बघून म्हणतो, असं कसं असेल?

बाई या घरात आल्या त्या नवव्या वर्षी, आईचं बोट धरून, मागच्या दारानं. पुढची तीस वर्षं शेण काढलं, धारा काढल्या, धान्य पाखडलं. शेवटी चाळीस बायकांच्या मुकादम झाल्या आणि नाव विसरून जग त्यांना मुकादमबाईच म्हणू लागलं. पुढच्या दाराशी त्या एकदाच गेल्या होत्या. बायकांना संडास हवा म्हणून सगळ्याजणींना घेऊन पायरीवर ठिय्या दिला, तेव्हा. तिसऱ्या दिवशी मालक नमला. संडास मिळाला, पण पायरीच्या वर ‘या’ कुणी म्हटलं नाही.

म्हणून मागच्या दारापाशी विटांचा ढीग दिसला तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हे काय चाललंय?”

“दार बुजवतोय,” अध्यक्ष म्हणाले. “सलग भिंत हवी. मालकांच्या घराण्याचे सतरा फोटो लावायचेत.”

“बैठकीत लावा की. ते तिथंच बसून असायचे.”

“तिथं ऊन येतं. फोटो विटतात.”

“अहो, या दारानं माझी आई आली, मी आले, चाळीस बायका आल्या. उंबरठा बघा, मधोमध पळीसारखा झिजलाय. हे बुजवलंत तर बघणाऱ्याला वाटेल शेणसुद्धा मालकच काढत होते!”

“बाई, तुम्ही फक्त वस्तूंची नावं सांगा.”

बाईंना पेटारा आठवला. आठच दिवसांपूर्वी धान्याचा मोठा पेटारा वाळवी काढायला सुताराकडे गेला होता, याच रुंद दारानं, सहा माणसांच्या खांद्यावरून. या घरात जड म्हणून काही पुढच्या दारानं कधी आलंच नव्हतं. पण ते काही वस्तूचं नाव नव्हे. मग कशाला सांगा?

गवंडी त्यांचा भाचा. तो हळूच म्हणाला, “आत्या, सिमेंट किती घालू?”

“विटा मातीत बसव. वरून चुन्याचा हात मार.”

“पडेल की!”

“पडायची नाही रे, काढायची आहे. तुझीच कंबर वाचेल.”

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी टेम्पो आला. सुतारानं पेटारा आरशासारखा चकचकीत केला होता. पुढच्या दाराला टेप लावली, तर दार तीन फूट आणि पेटारा साडेचार. आडवा धरला, उभा धरला, तिरका धरला. चौकट कापायची तर नक्षीदार, ऐतिहासिक. पेटारा सुटा करायचा तर सुतार ओरडला, “जुन्या खुंट्या आहेत, लाकूड उभं फाटेल!” खिडक्यांना गज. आणि पत्रिकेवर फोटो कशाचा? पेटाऱ्याचाच.

दुपारी अध्यक्ष घाम पुसत बाईंच्या घरी आले. बाई लसूण सोलत होत्या.

“बाई, तुम्हाला माहीत होतं?”

“मी नावं सांगणारी बाई. मापं कुणी विचारली?”

“आता काय करायचं?”

“भिंत काढा. पण एकदा काढली की पुन्हा घालायची नाही. उंबरठ्याला हात लावायचा नाही. आणि येणारी माणसं त्या दारानंही आत येणार.”

“आणि सतरा फोटो?”

“इतकी वर्षं उन्हाची झळ लागली नाही त्यांना. आता लागू दे थोडी.”

अध्यक्षांनी मान डोलावली. न डोलावून सांगतात कुणाला? भाच्यानं तासाभरात विटा उतरवल्या, पेटारा आत गेला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष पुढच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, “या बाई, या.” एवढं ऐकायला जन्म गेला होता. बाई मात्र वळसा घालून मागं गेल्या. तिथं नवी कोरी पाटी होती, ‘सेवकवर्गाचे प्रवेशद्वार’.

“अरे देवा!” बाईंनी पुन्हा कपाळाला हात लावला. “सेवक कोण इथं? मजूर होतो आम्ही. मजूर लिहा!”

“बाई, लोक खोळंबलेत. उद्या बदलू.”

“तुमचा उद्या पंधरा दिवसांचा असतो.”

आणि बाई त्या झिजलेल्या उंबरठ्यावर फतकल मारून बसल्या. अध्यक्ष स्वतः रंगाचा डबा शोधायला धावले.