काकीचा कोंबडा आणि माझी तलंग

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. हा शब्द आमच्या जतकडेही आहे. त्यामुळे मालवणजवळच्या या गावात काकीच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. बाकीचं बोलणं मला तेव्हा धड कळत नव्हतं. नवरा चिरेखाणीवर मशीन चालवतो, डोंगरातला तांबडा चिरा कापून काढतो. आम्ही खाणीवरच पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. काकी नात्याची ना गोत्याची, पण तिनं तिथून उचलून आम्हाला आपल्या घरामागच्या खोलीत आणलं आणि भाड्याचं नाव अजून काढलेलं नाही. मी तिचे काजू फोडते, अंगण सारवते. तिचे उपकार मोठे आहेत, हे मी रोज मनात म्हणते. पण सातवीत शाळा सुटलेली मी बाई, कुणी फार चांगलं वागलं की मला आधी धडकीच भरते. यामागं काय असेल?

मिरगाच्या आधी काकीची एक कोंबडी खुडूक झाली. काकीनं तिला अंड्यांवर बसवलं, आणि पिलं निघाल्यावर सगळं लटांबर माझ्याकडे दिलं, अर्ध्या वाट्यानं. म्हणजे दाणापाणी, राखणं, मुंगूस हाकलणं माझ्याकडे, आणि पिलांनी आईला सोडलं की निम्मी तिची, निम्मी माझी. पण निवडायचा पहिला मान मालकिणीचा.

मला एक तरी अंड्याची कोंबडी हवी होती. दुसऱ्याच्या खोलीत राहताना आपल्या मालकीचं काहीतरी दारात चालतंफिरतं असावं, एवढंच. म्हणून वाटणीच्या दिवसाची मला आधीपासून धास्ती. त्या वयातली पिलं सारखीच दिसतात. ज्याला नर-मादी कळतं त्याचं फावतं, आणि काकीला कळतं असं अख्खी वाडी म्हणायची. बायका टोपलीत पिलं घालून तिच्याकडे आणायच्या.

तिची रीत अशी. पिलं अंगणात दाणे टिपत असली की ती हळूच मागं जायची आणि एकदम टाळी वाजवून ओरडायची, "घार इली!" जी पिलं जमिनीला चिकटायची त्या तलंगा. जे मान वर काढून उभं राहायचं तो कोंबडा. "बापयाची जात," ती म्हणायची, "अक्कल नाय, पण उभो रवतलो."

माझी आई पंख बघायची. मादीला शेपूट आधी फुटतं, नर बरेच दिवस बुडाकडं उघडाच असतो, असं तिचं म्हणणं. नवऱ्याच्या मोबाईलवर मी एक व्हिडिओही बघितला. त्यात एक माणूस पिलाचा पंख पसरून काहीतरी दाखवत होता, पण ती पिलं होती कंपनीची, सगळी एका साच्यातली. आमच्याकडं एक लाल, एक काळं, एक ठिपक्यांचं.

वाटणीच्या दिवशी काकीनं टाळी वाजवली. ठिपक्यांचं पिलू ताठ उभं राहिलं. काकीनं तेच उचललं. मला लगेच शंका आली. आमच्याकडं पहिला मान असला तर कुणीही मादी उचलेल, कोंबडा कशाला घेईल? शिवाय त्या ठिपकेवालीला शेपूट चांगलं फुटलेलं. म्हणजे ही बाई कोंबडी घेतेय आणि मला कोंबडा म्हणून सांगतेय.

माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. काकी म्हणाली, "बघतंस काय तशी? माका कोंबोच होयो. भात कापून झाला की राखणदाराक कोंबो देवचो लागता. शेताची राखण करता तो. आणि तेका गावठीच होयो, बॉयलर चलना नाय." हा राखणदार म्हणजे माणूस नव्हे, शेतशिवाराचा देव.

मग तिनं एकेकाचे पाय बघितले. दोन पिलांचे पाय जाड, पिवळेधम्मक. पलीकडच्या वयनीकडे एक भला मोठा संकरित कोंबडा आहे. तो कुंपण ओलांडून येतो हे सगळ्यांना माहीत. "हेंचो बापूस पलीकडचो," काकी म्हणाली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू लग्न मीच जमवलं होतं. ती दोन्ही तिनं माझ्या बाजूला सारली. वर एक बारीक पायांचं काळं पिलू दिलं. "ही घे तलंग. अंडी खा."

ठिपक्यांच्या पिलाच्या डाव्या पायाच्या बाहेरच्या बोटाचं टोक तिनं माझ्यासमोर कात्रीनं कापलं आणि हळद दाबली. ही तिची खूण. ते पिलू तिच्या वाट्याच्या बाकीच्यांबरोबर तिच्या खुराड्यात गेलं, माझी माझ्या.

पिवळ्या पायांची दोन्ही पावसात गेली. राहिली ती काळी. मी तिला शिळा भात घातला, तांदळाच्या कण्या घातल्या. तुरा लाल व्हायला लागला तेव्हा म्हटलं, अंड्यावर आली. मानेची पिसं लांब, टोकदार झाली तेव्हा मी तिकडं बघायचंच सोडलं. आणि एका सकाळी चुलीवर पाणी ठेवत होते, तर माझी तलंग खुराड्यावर चढून आरवली.

पहिलं आरवणं ते, निम्म्यातच घशात अडकलं. काकीचा ठिपकेवाला अजून आरवला नव्हता. "लाजरो आसा," ती सगळ्यांना सांगायची. आता माझी तलंग कोंबडा निघाली, तर लोक काय म्हणतील? हिनंच पिलू बदललं! मी धावत जाऊन त्याच्यावर टोपली घातली. वर पोतं टाकलं. आत तो पुन्हा आरवला. मान वळवली तर कुंपणापाशी वयनी उभी.

"काय गो, काय झाकतंस?"

"काही नाही," मी म्हटलं. "कोंबडी आहे."

"कोंबी? कोंबी आरवता खंय?" ती हसली नाही.

त्यानंतर काहीच दिवसांत काकीच्या राखणीच्या कोंबड्यानं अंडं घातलं. वयनीचा आवाज माझ्या खोलीपर्यंत आला. "काकी, तुझो हात चुकाचो नाय. बदलल्यान ता! मी सोता बघलंय तिका झाकताना. घाटयेक कळता सगळा." घाटी म्हणजे मी, घाटावरची.

काकी काय बोलली ते ऐकू आलं नाही. मला तेच ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं काजू फोडायला हाक मारली नाही. मी गेले तर म्हणाली, "आज नको." तिची नजर माझ्या हातांवर होती. संध्याकाळी तिच्या खुराड्याला कुलूप दिसलं. आधी कधी कुलूप नसायचं.

नवरा म्हणाला, "सामान बांधून ठेवायचं का?" त्याला परत शेडमध्ये जायला काही वाटलं नसतं. मला वाटलं असतं. आणि चोर म्हणून जायचं?

खूण होती की. बोट कापलेलं होतं, एकदा बघितलं की झालं. पण "खूण बघा" म्हणायचं म्हणजे "काकी, तुम्ही चुकलात" म्हणायचं, ते वाडीसमोर. आणि ती बघत का नव्हती? हाही संशय होताच. तिला मी चोर असलेली परवडत होते, पण आपली टाळी चुकलेली परवडत नव्हती, असं मला त्या दिवसांत वाटायचं.

राखण, म्हणजे राखणदाराला कोंबडा द्यायचा दिवस, जवळ आली. शेवटी मीच काळा कोंबडा काखेत मारला आणि तिच्या अंगणात गेले. मनात एकच, देते तर म्हणतील चोरलेला परत केला, आणि नाही दिला तर राखणदाराला काय? वयनी कुंपणापाशी होतीच.

"काकी, राखणीला हा घ्या," मी म्हटलं.

काकी पायरीवर बसली. कोंबडा मांडीवर घेऊन तिनं त्याचा डावा पाय हातात धरला, एकेका बोटावरून अंगठा फिरवला. सगळी बोटं शाबूत. मग उठली, कुलूप काढलं, ठिपकेवालीला बाहेर काढून तिचाही डावा पाय चाचपला. बाहेरच्या बोटाच्या आखूड टोकावर तिचा अंगठा थांबला. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

"काय झाला गो काकी?" वयनीनं विचारलं.

"काय होवचा?" काकी म्हणाली. "ह्यो कोंबो मीच तिच्याकडे ठेवललंय. हयसर ठेवलंय असता तर तुझ्या त्या बॉयलरान फोडल्यान असतो."

"मगे ती झाकी कित्याक?"

"मीच सांगलंय झाकूक. राखणीच्या कोंब्याक दिष्ट लागता. तुझे डोळे काय कमी आसत?"

वयनी पुटपुटत आत गेली. अशी धडधडीत थाप मी जन्मात ऐकली नव्हती, आणि इतकी गोडही कुठली वाटली नव्हती. काकीनं ठिपकेवाली माझ्या हातात दिली. "ही तुझी. अंडी खा म्हणान सांगललंय ना तुका?" म्हणजे तिचं तेही खरंच ठरलं. मी मान हलवली. राखण झाली, प्रसादाचं कोंबड्याचं मटण आमच्याही ताटात आलं. मी नुसता रस्सा ओरपला.

एक भानगड मात्र राहिली. ठिपकेवाली दिवसभर माझ्या दारात असते, पण तिन्हीसांज झाली की सरळ काकीच्या खुराड्यात जाऊन बसते. ती वाढली तिथं, तिचं काय चुकलं? अंडंही ती तिथंच घालते. सकाळी काकी ते पदराखाली धरून मागच्या दारी येते. मी उजेडात धरून बघते. आकार बघते, रंग बघते.

"बघतंस काय? तुझ्याच कोंबयेचा आसा!"

"तसं नाही काकी."

"तसाच आसा."

कुलूप आता नसतं. संध्याकाळी मी माझ्या खुराड्याचं दार उघडं ठेवून "आ आ" करते. ती येत नाही. परवा सहज पलीकडं नजर गेली, तर काकीच्या खुराड्यासमोर मूठभर तांदूळ टाकलेले, ताजे. मी काही विचारलेलं नाही. पण रोज तिन्हीसांजेला लक्ष ठेवते.