बाकावर पडणारी मूठ

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि आयुष्यभर लिहिले ते जबाब आणि अहवाल. चुकले तर सांभाळून घ्यावे. पण सत्तरच्या दशकात नागपुरात फौजदार असतानाची ती चौकशी अजून मनातून जात नाही.

निनावी खबर आली, की पारशिवनीकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने बी.ए.च्या इंग्रजी पेपरला दुसराच माणूस बसवला. निकाल रोखला गेला आणि त्यावर त्याचा बी.एड.चा प्रवेश अडला. संशयाला कारण होते. जोडविशेषणांचे उच्चाराप्रमाणे तुकडे पाडून जोर कुठे येतो ते दाखवायचे, हा अवघड प्रश्न त्याने पूर्ण बरोबर सोडवला होता. ठाण्यात मात्र त्याला इंग्रजीत एक वाक्य धड बोलता येईना.

"बोलता येत नाही, अन् पैकीच्या पैकी?" ठाणेदार म्हणाले. "कोणाले बसवलं होतं गा?"

"मीच होतो, साहेब."

दुपारभर तेवढेच उत्तर. शेवटी मी पेपरात नसलेला शब्द दिला, 'ॲब्सेंट-माइंडेड'. त्याने टेबलावर बोटाने दोन टिचक्या मारल्या, मग मूठ आपटली, मग पुन्हा टिचकी. चार तुकडे, जोर तिसऱ्यावर. ठाणेदारांचा कप बशीत नाचला.

"हे काय करून राहिला?"

"सीताबर्डीच्या क्लासात असंच शिकवते, साहेब. हात नाही चालला त शब्दच नाही निघत."

परीक्षेच्या खोलीवरचे पर्यवेक्षक आधी म्हणाले होते, इतक्या चेहऱ्यांत कोणाला ओळखू? मी त्यांना पुन्हा बोलावले आणि फक्त विचारले, बाक ठोकणारा कोणी होता का?

"होता ना! हाच तो. मीच वरडलो याच्यावर, काहून बे, तबला वाजवून राहिला का?"

माणूस चेहऱ्याने विसरला जातो, सवयीने नाही, एवढे मी त्या दिवशी शिकलो. तो निर्दोष असल्याचा अहवाल त्याच आठवड्यात गेला. पुढे कागद कोणत्या टेबलावर पडून राहिला, कळले नाही. मी विचारत राहिलो, नंतर थकलो. निकाल लागला तेव्हा प्रवेशाचे दुसरे वर्षही टळून गेले होते.

बंदोबस्तासाठी पारशिवनीला गेलो तेव्हा त्याच्या घरी थांबलो. वडील अंगणात तूर झोडत होते. मुलगा पास झाल्याचे त्यांना सांगितले.

"बरं झालं जी," ते म्हणाले. "पण तो त भिलाईले गेला. कारखान्यात माल उचलते. आता त्याले कळवू का नको, तुम्हीच सांगा."