तांबड्या इंजिनाचे संशोधक

श्री. अवधूत पणशीकर यांनी पुण्यातल्या एका सरकारी कचेरीच्या अभिलेखकक्षात एकतीस वर्षे दप्तरे सोडली आणि बांधली. त्या दीर्घ सेवेत त्यांना एकच सिद्धान्त अवगत झाला: दप्तराच्या तळाशी जो कागद, तो सर्वांत जुना, आणि जो सर्वांत जुना, तो खरा. निवृत्तीनंतर दप्तरे गेली, सिद्धान्त उरला. तो लावण्यासाठी त्यांना वारज्यात एक इंजिन सापडले.

तेथील एका खासगी तंत्रनिकेतनाच्या फाटकापाशी एकोणिसाव्या शतकातले नॅरोगेजचे वाफेचे इंजिन उभे आहे. संस्थेने ते भंगारातून आणून चंदेरी रंगाने असे माखले होते की दुरून पाण्याची टाकी वाटे. त्याचा मूळ रंग सांगणारा कागद शिल्लक नाही. छायाचित्रे दोन, तीही कृष्णधवल. ज्या विषयात दुसरा अभ्यासक नाही, तो विषय पणशीकरांना मानवणारच होता.

एका रविवारी त्यांनी दाढीच्या ब्लेडने बॉयलरवरची बोटभर जागा थेट लोखंडापर्यंत खरवडली. तळाशी तांबडा रंग निघाला. संशोधन तेथेच संपले. पुढची सात वर्षे त्यांनी केवळ तांबड्याची थोरवी गोळा केली. त्यातून झालेल्या निबंधाला एकशे बारा तळटीपा होत्या. त्यांतल्या एकोणचाळीस त्यांच्याच आधीच्या लेखांकडे बोट दाखवत. पत्नी उल्काताई पाहुण्यांना दारातच बजावत, "बसा ना. फक्त इंजिनाचं विचारू नका, चहा गार होतो."

सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थेने इंजिन रंगवायचे ठरवले. निबंधाची पुस्तिका छापली गेली. पितळी पाटीही तयार झाली: 'मूळ रंगाचे संशोधक: अवधूत पणशीकर'. आयुष्यभर इतरांची नावे दप्तरांवर चिकटवलेल्या माणसाला त्या पाटीचे मोल किती वाटत असेल, हे समजू शकते. त्यापुढचे मात्र समजून घेण्याची गरज नाही.

रंगवायला जब्बार आला. मार्केट यार्डाबाहेर तो चाळीस वर्षे ट्रक रंगवतो आणि काम मनासारखे झाले की मागच्या फाळक्याच्या कोपऱ्यात आपले नाव घालतो. त्याने पॉलिश पेपर भिजवला आणि ताटलीएवढी जागा गोलगोल घासली. थर एकात एक कड्यांसारखे उघडे पडले: चंदेरी, काळा, गर्द हिरवा, राखी, आणि मधोमध तांबडा.

"साहेब, तुमचा तांबडा तो हाच का?"

"हाच. मूळ रंग."

"हे अस्तर आहे. गंज धरू नये म्हणून आधी मारतात. त्याच्यावर ही राखी लांबी, खड्डे भरायला. मग रंग. हिरवा होता."

"जब्बारभाई, आपण संदर्भसाहित्य वाचलं आहे का?"

"गाड्या वाचल्यात. रंग झाल्यावर त्याच्यावर लांबी कोण भरतं, सांगा. तुम्ही बनियन बघून सदऱ्याचा रंग ठरवलाय, साहेब."

पणशीकरांनी चष्मा पुसला. ते वाकले, राखी कड्यावरून त्यांनी नख फिरवले. त्यांना कळले, हे येथे स्पष्ट नोंदवायला हवे. न कळणाऱ्याला क्षमा करता येते.

"पुस्तिका छापून झाली आहे," ते म्हणाले. "पाटीसुद्धा. सांगितलंय तेवढं करा."

जब्बारने तांबड्याचे दोन हात मारले. प्राचार्यांनी कौतुकाने विचारले, "नाव नाही घातलंत?"

"अस्तरावर नाव घालत नाहीत," तो म्हणाला.

समारंभात पणशीकर चाळीस मिनिटे वाचत होते. खुर्च्या घेऊन आलेला टेम्पोवाला रतन मागून जब्बारला म्हणाला, "अस्तर झ्याक बसलंय, चाचा. रंग कधी?" मागच्या दोन रांगा हसल्या. पणशीकर पाणी प्यायले आणि त्यांनी पुढचे पान उलटले.

अस्तर उघड्यावर टिकत नाही. एका पावसाळ्यात तांबडा भुकटीसारखा हाताला लागू लागला आणि दसऱ्यापर्यंत गंजाचे ओघळ पाटीवर उतरले. संस्थेने जब्बारला पुन्हा बोलावले. या वेळी त्याने लांबी भरली, गर्द हिरवा चढवला, काठाने पिवळी रेघ ओढली आणि मागच्या कोपऱ्यात लिहिले: 'जब्बार पेंटर, गुलटेकडी'.

दोन महिन्यांत पणशीकरांचा नवा निबंध आला. 'सखोल पुनर्विचारान्ती' इंजिन हिरवे होते, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढला होता. जब्बारचा उल्लेख एकाही तळटीपेत नाही. पाटी तीच राहिली, फक्त घासून चकचकीत केली गेली. शिवाय इंजिनावरचे रंगाऱ्याचे नाव अनैतिहासिक असल्याने ते तत्काळ काढावे, असे पत्र त्यांनी संस्थेला दिले.

प्राचार्यांनी पत्र जब्बारलाच वाचून दाखवले.

"काढतो की," तो म्हणाला. "पण घासावं लागेल. खालून तांबडा निघाला, तर साहेबांना पुन्हा मूळ रंग सापडेल."

नाव अजून तेथेच आहे.