उजव्या हाताची तालीम

भोसरीत माझ्या खोलीला लागून वस्तादांचं घर होतं. तालमीत त्यांनी पोरांना इतकं झोडपलं होतं, की गावातले बाप्येसुद्धा त्यांना पाहून धाकानं तोंडातलं पान थुंकून टाकत. मग एके दिवशी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी रोज घरीच हलका व्यायाम करायला सांगितला.

शाळेत शिकवून आलो की मी ओट्यावर बसून तो व्यायाम पाही. ते डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर घेत, एकेक बोट हळूच उलगडत आणि त्याच्याशी बोलत. "ऊठ, राजा. आज येवढंच. दमलास व्हय? बस जरा." हा आवाज त्यांनी इतकी वर्षं कुठं ठेवला होता, याचं मला कुतूहल वाटे.

एकदा मीच तो हात वर ओढायला गेलो. म्हणाले, "ओढू नगा, मास्तर. त्याचं त्यो येऊ द्या."

पिंपरीच्या कारखान्यात जाणारा त्यांचा तिशीतला मुलगा त्यांना जेवू घाली. बापाच्या माराला कंटाळून त्यानं लहानपणीच कुस्ती सोडली होती. दोघं फारसं बोलत नसत.

श्रावणातल्या एका संध्याकाळी तो वाकून दुधात भाकरी कुस्करत होता. वस्तादांचा उजवा हात आपला आपण वर उठला. मुलानं सवयीनं मान आत ओढली. हात त्याच्या पाठीवर टेकला आणि तिथंच राहिला.

भाकरी दुधात पार विरघळून गेली, तरी मुलगा हलला नाही.