हारवाल्याचं काटकसरीवर भाषण

हसा लेको, खुशाल हसा! पण आपल्याच तोंडानं आपलाच धंदा बुडवला, असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा दाखवा, मी त्याचे पाय धुतो.

मोठ्या मंदीतली गोष्ट हाये. कापसाचा भाव बसला अन् लोकायचे हात आखडले. हात आखडले का पयले काय बंद होते? फुलं! आमी वलगावचे माळी. मळ्यात शेवंती अशी फुललेली, अन् विहिरीवरची मोट फाटलेली. पाणी नाही तं मळा वाळला समजा!

तेवढ्यात अमरावतीहून निरोप आला. वाचनालयात सभा हाये, चाळीस हार आणा. बायको म्हणे, "पैसे हाती पडले का सीधे चांभाराकडे जा. मोट घेतल्याबिगर घरी येऊ नका!"

पाहुण्यायचा सत्कार सभेच्या शेवटी, अन् हाराचे पैसे त्याच्यानंतर. म्हणून मी टोपली घेऊन मागं बसलो. सभा कायची? तं मंदीत सरकारनं रस्ते, तलाव काढून पैसा ओतावा का खर्च बंद करावा! ओता म्हणणारे दोघं दणकून बोलले. बंद करा म्हणणारा आलाच नाही. अध्यक्ष होते मोठे वकीलसाहेब. म्हणाले, "विरुद्ध बाजूनं कोणी बोलेल काय?"

मले काय गरज होती, सांगा बरं? पण गावच्या पारावर माह्यापुढं बोलायची कोणाची टाप नाही. जीभ वळवळली. उठलो!

"साहेब, घरात तंगी आली तं आमी काय करतो? तूप बंद, पुरणपोळी बंद! मंग सरकारनं काहून उधळावं? फालतू खर्च बंद करा! मानपान बंद! दिखावा बंद!"

टाळ्या म्हणजे काय टाळ्या! मी छाती फुगवून उभा.

वकीलसाहेब गहिवरले. "या गृहस्थांनी आपले डोळे उघडले. आरंभ आपल्यापासूनच करू. आजचे हारतुरे रद्द!"

बाप्पा रे! माहे कानच बधिर झाले. चाळीस हार! टोपली उचलली अन् तणतणत बाहेर आलो. फाटकाशी दोन बकऱ्या उभ्या होत्या. "घ्या, तुमीच करून घ्या सत्कार!" म्हणून टोपली त्यायच्यापुढं पालथी केली.

पण राग काही जाईना. तसाच आत घुसलो.

"साहेब, मघाशी मी चुकलो! तुमी माहा हार घेतला तं मी चांभाराची मोट घेतो. चांभार ज्वारी घेतो. ज्वारीवाला पोरीच्या लग्नात पुन्हा हार घेतो. एकानं मूठ आवळली का साऱ्यायचा चुला बंद! अन् सरकारची मूठ तं सगळ्यात मोठी. ते आवळून कसं चालीन?"

मंग असा कडकडाट झाला का भिंती हालल्या! सरकारनं खर्च करावाच, असा ठराव एकमतानं पास. वकीलसाहेब उठून म्हणतात कसे, "आरंभ आपल्यापासूनच! सगळे हार घ्या, दुप्पट भावानं!"

दुप्पट! मी धावत सुटलो. बाहेर पाहतो तं काय? सारे हार चाटूनपुसून साफ! एक बकरी शेवटचा दोरा चघळून रायली होती. "अबे थुक! थुक!" म्हणून मी तिच्या तोंडातून दोरा ओढू लागलो. अख्खी सभा खिडकीतून पाहून रायली होती!

मंग चौकातल्या दुसऱ्या माळ्याले बोलावलं. चाळीस हार, दुप्पट भाव, रोख! पैसा फिरला बरं, माह्याच भाषणानं फिरला. अन् त्यातला पहिला हार उत्कृष्ट वक्ता म्हणून माह्याच गळ्यात घातला!

घरी पोहोचलो. बायको दारातच. हाराची गाठ बोटात धरून पाहिली. "अवो, हे तं आपली गाठ नाही! हार विकायले गेलते का घ्यायले? अन् मोट कुठी हाये?"

"माहा सत्कार झाला," मी म्हटलं.

"झाला ना? मंग उचला हे घागर, अन् हार घालूनच भरा मळ्याले पाणी!"