रस्त्यापलीकडचा तुरुंग

देवासला तेव्हा राजे दोन होते. गाव एकच, पण त्याच्या दोन पात्या, म्हणजे वाटण्या, झालेल्या. रस्त्याच्या अलीकडे आमचा दरबार, पलीकडे त्यांचा. कचेऱ्या दोन, तसे तुरुंगही दोन. तुमचे आजोबा आमच्या पातीच्या तुरुंगाचे दारोगा होते आणि तुरुंगाच्या भिंतीला लागूनच आमचे घर होते.

मी धारेहून लग्न होऊन आले. वडिलांनी घरीच इंग्रजी शिकवलेली मुलगी म्हणून देवासच्या बायका आधीच बिचकत, त्यात घर तुरुंगाचे. हळदीकुंकवाला बोलावले की "येऊ हं" म्हणत आणि येत नसत. दुपारी मी एखादे पुस्तक मोठ्याने वाचत बसे, घरात कोणाचा तरी आवाज असावा म्हणून.

आमच्याकडे बाई कैदी क्वचितच येई. त्या वर्षी एकच आली, एका खेड्यातली माळवी बाई, माझ्याहून थोडी मोठी. दिराशी भांडून तिने त्याचे खळे पेटवून दिले होते. बायकांचे अंगण वेगळे होते, तिथे शिपायांना मज्जाव. धान्य आत सरकवायचे, दळलेले पीठ बाहेर घ्यायचे. एका बाईसाठी बाई पहारेकरी कोण नेमणार? म्हणून किल्ली माझ्याकडे आली.

सुरुवातीला ती फार बोले. म्हैस, नणंदा, गावची विहीर. मला अर्धेमुर्धे समजे. मी रोज दुपारी तिच्यापाशी जाऊन बसे, पण थोड्या वेळाने कुलूप लावून निघावेच लागे. पावसाळा सरता सरता तिचे बोलणे आटले. दळण दळी, पण हाक मारली तरी मान वर करीना. एक दिवस भाकरी तशीच पडलेली दिसली. मग ती रोजच तशी दिसू लागली.

पलीकडच्या तुरुंगातही एक बाई एकटीच आहे, असे मला कळले. दोघींना एकत्र ठेवा, असे मी आजोबांना सांगितले. ते हसले. रस्त्यावरचे दिवे कोणी लावायचे, यावरूनच दोन्ही दरबारांचे किती दिवस बिनसले होते. आपला कैदी त्यांच्या हद्दीत कोण पाठवणार, असे आजोबांचे म्हणणे.

"न्यायाधीशांनी तिला कैद सांगितलीय," मी म्हटले. "एकटेपण कुठं सांगितलंय?"

त्यांनी दरबारात विचारले, आणि पुष्कळ घासाघीस होऊन ठरले की आमची बाई त्यांच्या तुरुंगात राहील, मात्र तिचा शिधा रोज आमच्याकडून जाईल. पलीकडचे अन्न खाऊन ती त्यांची रयत झाली, असे उद्या कोणी म्हणायला नको.

दोन शिपाई तिला रस्ता ओलांडून घेऊन गेले. माझ्याकडे तिने वळूनही पाहिले नाही.

पुढच्या दुपारी मला काय करावे ते कळेना. ती बोलत नव्हती तरी कोणाच्या तरी समोर बसणे होते. आता तेही गेले.

थोड्याच दिवसांत पलीकडच्या दारोगांचा निरोप आला की तुमची बाई परत न्या. दोघी उजाडल्यापासून भांडतात, घागरीवरून, सावलीतल्या जागेवरून, जात्यावर आधी कोणी बसायचे त्यावरून; आणि तुमच्या बाईचा आवाज वरचढ असतो. आजोबांनी मला विचारले, आणू का परत? दुसऱ्या दिवसापासून किल्ली पुन्हा माझ्याकडे आली असती. "आणा" हा शब्द माझ्या अगदी ओठांवर होता.

"जेवते का ती?" मी विचारले.

"जेवते म्हणे. त्या दुसरीच्या ताटातलंसुद्धा."

"मग भांडू द्या त्यांना."

ते पागोटे चढवून निरोप सांगायला गेले. मी दारात उभी राहिले, पलीकडून काही ऐकू येते का ते पाहत. वारा उलट दिशेचा होता.