भाता भरेपर्यंत

आमच्या गावच्या चर्चमध्ये एक जुना पाइप ऑर्गन आहे. त्याच्या उंच नळ्यांत हवा भरायला मागे एक भाता आहे. तो हाताने हलवावा लागतो, आणि आता इतका गळका झालाय की गीताची एक ओळ संपते तोवर हवाही संपते. मग भाता पुन्हा भरेपर्यंत सारी मंडळी गप्प उभी राहते. परक्याला वाटावं, आम्ही शब्दच विसरलो. मोटर बसवा म्हणणारे आहेत. मी त्यांच्याशी भांडते. मला त्या करकरत्या शांततेसकट गाणं आवडतं.

परवा आम्ही काहीजण सुमतीबाईंकडे गेलो होतो. जन्मभर हा ऑर्गन त्यांनीच वाजवला. आता त्या अंथरुणाला खिळल्यात. खाटेभोवती उभं राहून आम्ही त्यांचं आवडतं गीत म्हणू लागलो. तिथे कुठला ऑर्गन आणि कुठला भाता! तरी पहिल्या ओळीनंतर आम्ही सगळे थांबलो. नगरहून नुकतीच लग्न होऊन आलेली त्यांची नातसून तेवढी एकटी पुढे गात गेली आणि ओशाळून गप्प झाली.

सुमतीबाई मिटल्या डोळ्यांनी हसल्या. "थांब गं पोरी, भाता भरू दे."

एवढ्या बोलण्यानेही त्यांना धाप लागली. पुढची ओळ कुणीच उचलली नाही. त्यांची छाती सावकाश वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मग त्यांची बोटं चादरीवर अलगद दाबली गेली, आणि आम्ही दुसरी ओळ धरली.